शेवटच्या भोंग्यापर्यंत

मी आयुष्यात जितकी भाषणं ऐकली तितकी एखाद्या मंत्र्यानंही ऐकली नसतील. पण त्यातलं एकही समोर बसून ऐकलेलं नाही. माझी जागा कायम मंचाच्या कडेला, मशीनपाशी. मशीन म्हणजे अँप्लिफायर. धंद्यात त्याला कुणी अँप्लिफायर म्हणत नाही. तिथून वक्त्याचा एक कान, एक खांदा आणि पाय दिसतात. चेहरा लोकांसाठी, पाय आमच्यासाठी. माणूस घाबरला असेल तर ते आधी पायांत कळतं. शेरोशायरी करून टाळ्या घेणारे भलेभले पुढारी, गादीखाली चपला काढून ठेवून एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायाची टाच खाजवताना मी पाहिले आहेत.

फ्रीगंजमध्ये टॉवरच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं. आमचे वडील मिलमध्ये टाइमकीपर. उज्जैनच्या मराठी घरातला मुलगा त्या काळी बँकेत लागायचा, रेल्वेत लागायचा, नाहीतर शाळेत मास्तर व्हायचा. मी भोंगे भाड्यानं द्यायला लागलो तेव्हा वडिलांनी नातेवाइकांना ‘तो रेडिओ लाइनमध्ये आहे’ असं सांगायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत तेच सांगितलं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितलं आहे. गमती आहेत, सांगतो. पण मला खरं म्हणजे मिलच्या फाटकावरच्या एका सभेबद्दल लिहायचं आहे. त्या सभेबद्दल या गावात एक गोष्ट अजून सांगितली जाते. ती खोटी आहे आणि तिचं खोटेपण फक्त मला माहीत आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. आवाज वाढवण्याचं काम मशीन करतं. आमचं काम तो पोहोचवण्याचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आजकालच्या डीजेवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यांचा आवाज छातीत बसतो, पण शब्द एक कळत नाही. भोंगा भिंतीकडे तोंड करून बांधला तर भिंत तेच वाक्य परत फेकते आणि पुढच्या वाक्यावर मागचं येऊन पडतं. रिकाम्या मैदानात जो आवाज खणखणीत वाटतो तो माणसं भरली की बसतो, कारण माणसांचे कपडे आवाज पितात. प आणि फ माइकमध्ये फुटतात, स शिट्टी मारतो. बेस म्हणजे आवाजाचा घेर, ट्रेबल म्हणजे धार. नुसती धार ठेवली तर कुठलाही माणूस रडका वाटतो. हे सगळं दोन-तीन बटणांत असतं आणि त्या बटणांकडे सभेतलं कुणीही बघत नाही.

एका कथावाचक महाराजांना आवाजात गूँज हवी होती. तेव्हा गूँज देणारी यंत्रं आमच्याकडे नव्हती. मी एक भोंगा धर्मशाळेच्या रिकाम्या हौदात उलटा सोडला. आवाज असा घुमला की पहिल्या दिवशी बायका हौदाला हळद-कुंकू वाहून गेल्या. तिसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या चौकीदारानं सवयीनं हौद भरला. महाराजांचा आवाज त्या दिवशी, मालवीत म्हणतात तसा, ‘बुड-बुड’ झाला.

एका निवडणुकीत दोन्ही उमेदवारांचे भोंगे माझेच होते. सकाळी एका बाजूचा माणूस पाकीट घेऊन आला. म्हणाला, भिया, उनकी सभा में बीच-बीच में थोड़ी सीटी बजवा देना. मी पाकीट परत केलं. दुपारी दुसऱ्या बाजूचा माणूस आला, तोही पाकीट घेऊन आणि शिट्टीचीच मागणी घेऊन. त्याला म्हटलं, ‘भोंगा किसी का नहीं होता, भैया. आज उनकी सीटी बजाऊँ, कल तुम्हारी बजेगी.’ तो हसला आणि चहा पिऊन गेला. दोन्ही सभा स्वच्छ झाल्या. हा किस्सा मी मराठी मंडळाच्या कोजागिरीला जवळजवळ दर वर्षी सांगत आलो आहे. तो खरा आहे. तो खरा आहे म्हणूनच पुढचं सांगायला मला इतकी वर्षं लागली.

आणखी एक माणूस आठवतो. सिंहस्थात एका घाटावर चुकलेल्या माणसांची नावं पुकारायचं काम होतं, तिथे माझे भोंगे होते. आगर गावाकडचा एक म्हातारा आला. भावाला बोलवायचंय म्हणाला. कुठे चुकला विचारलं, तर म्हणाला, पिछला मेला में. म्हणजे बारा वर्षांपूर्वी. पुकारणारा मुलगा हसायला लागला. म्हातारा म्हणाला, ‘नाम तो बोलो, बाबूजी. नी आवे तो नी आवे.’ मी स्वतः माइक घेऊन नाव पुकारलं. पुकारत असताना म्हातारा तिथे नव्हता. तो गर्दीतून वाट काढत घाटाच्या टोकाला, शेवटच्या भोंग्याखाली जाऊन उभा राहिला होता. परत आला, माझ्या हातावर मूठभर चणे ठेवले आणि म्हणाला, ‘वाँ तक गई आवाज.’ भाऊ येईल असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. आपली हाक शेवटपर्यंत गेली, एवढं त्याला बघायचं होतं.

ही गोष्ट मी सर्वांत आधी दत्ताला सांगितली होती. दत्तानं ती दोनदा ऐकली. कान कमी होते म्हणून, आणि आवडली म्हणूनही.

दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र. एकाच गल्लीतले आम्ही. तो मिलच्या विव्हिंग शेडमध्ये लागला. शेकडो माग एकदम चालतात ती जागा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही. तिथे ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू येत नाही, म्हणून कुणी ओरडतच नाही. माणसं हातांनी बोलतात आणि एकमेकांचे ओठ वाचतात. नव्या माणसाला पहिला धडा मिळतो तो ‘तोंड वर करून बोल.’ मान खाली घालून बोललेलं त्या शेडमध्ये बोललेलं धरत नाहीत. तिशी-पस्तिशीत सगळ्यांचे कान जातात. दत्ताचे जरा लवकर गेले.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की तो दुकानात यायचा. कपड्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. सभा असली की वायर ओढायला, भोंगे बांधायला माझ्याबरोबर. माइक तपासताना सगळं जग ‘हॅलो, हॅलो’ म्हणतं. दत्ता भाजीवाल्यासारखी हाळी द्यायचा: ‘पालक, फूलगोभी, सेमफली!’ प, फ आणि स, तिन्हींची परीक्षा. टॉवरच्या चौकात एकदा एक बाई खरंच पिशवी घेऊन बाहेर आल्या होत्या आणि सेमफली ताजी आहे का, असं त्यांनी मला विचारलं होतं. दत्ता पुढे आठवडाभर मला ‘शामू सब्जीवाले’ म्हणत होता.

तो चांगला बोलायचा. मिलमध्ये त्याला मान होता, अधूनमधून भाषणाची वेळ यायची. पण उघड्या मैदानात आपला आवाज बाहेर कसा जातो आहे हे त्याला ऐकू यायचं नाही. म्हणून आमची एक खूण ठरलेली होती, शेडमधलीच. बोलता बोलता तो माझ्याकडे बघायचा. मी उजवा हात वर केला की आवाज शेवटच्या भोंग्यापर्यंत नीट जातो आहे. हात खाली, तळवा जमिनीकडे, म्हणजे जात नाही, थांब. सगळ्या सभेत त्याचा कान मी होतो. आणि मला त्याचा अभिमान होता.

मग ती वर्षं आली. वर्तमानपत्रांत रोज नवीन शब्द येत होते: उदारीकरण, बाहेरचं भांडवल, स्पर्धा. फ्रीगंजमध्ये रंगीत टीव्हीची दुकानं वाढली. माझ्या दुकानासमोर पीसीओ आला. आणि मिलमध्ये कापड साचायला लागलं. मालकांनी प्रस्ताव आणला. जुने माग काढायचे, नवे आणायचे. नव्या मागांवर निम्मीच माणसं लागणार, बाकीच्यांनी हिशेब घेऊन घरी जायचं. युनियनचे दुबेजी म्हणाले, एकही माणूस जाणार नाही. घोषणा तयार झाली: सब या कोई नहीं.

मी मिलचा कामगार नव्हतो. पण वर्षानुवर्षं भाषणं ऐकून माणसाला मतं येतात, आचाऱ्याला चाखून चाखून पोट सुटतं तशी. दुबेजी बोलायला लागले की माझे डोळे भरून यायचे. युनियनच्या सभांचं भाडं मी घेत नसे. आपण योग्य बाजूला आहोत, ही भावना फार उबदार असते हो. आणि मला तर ती अगदी फुकट मिळत होती. मिल चालली काय, बंद पडली काय, माझ्या भोंग्यांना लग्नाचे मुहूर्त होतेच.

दत्ता म्हणाला, प्रस्ताव घ्यावा. निम्मी मिल तरी वाचेल.

आमचा वाद दुकानात झाला. मी भोंग्याचं एक युनिट उघडून बसलो होतो.

‘सब या कोई नहीं हे ओरडायला छान आहे, शाम्या,’ तो म्हणाला. ‘घरात निम्मीच पोळी असली तर आपण ती फेकून देतो का?’

‘माणसं म्हणजे पोळी नाही.’

‘नाहीत ना? पोळी उद्या पुन्हा करता येते. मिल नाही येत.’

मी म्हटलं, ज्या निम्म्यांना घरी पाठवायचं त्यांना जाऊन सांग हे. तो म्हणाला, सांगणारच आहे, फाटकावर, सगळ्यांसमोर. दुबेजींनी पण सांगावं आपलं. लोकं ठरवतील.

मग मी जे ऐकलं होतं ते बोललो. मिलमध्ये मुकादमाला जॉबर म्हणतात. ‘तुला नव्या शेडचा जॉबर करणार आहेत म्हणे.’

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. आपण बरोबर वाचलं की नाही याची खात्री करत असावा.

‘कोण म्हणतं?’

‘सगळे म्हणून राहिले.’

‘आणि तू?’

मी मान खाली घातली आणि युनिटची वायर सोल्डर करायला लागलो. काहीतरी पुटपुटलोही असेन. तो माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी नंतर पुष्कळ उलगडून पाहिलं आहे. दुबेजींचं मला पटलं होतं, इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. पण मग एवढी उघड गोष्ट दत्ताला का पटत नाही, हे मला कळेना. त्याला कळत नसेल म्हणावं, तर तो माझ्यापेक्षा हुशार. मिल त्याला माहीत होती, मला नव्हती. मग एकच उत्तर उरलं: त्याला काहीतरी मिळणार असेल. आपल्याला न पटणारं मत एखाद्या चांगल्या माणसाचंही असू शकतं, हे उत्तर माझ्या मनात आलंच नाही. आलं असतं तर मला माझ्याही मताबद्दल थोडा विचार करणं भाग पडलं असतं.

सभा संध्याकाळी, शिफ्ट बदलताना होती. भोंगे मी एकट्यानं बांधले. दत्ता बोलणाऱ्यांत होता म्हणून उशिरा आला. आधी दुबेजी बोलले. त्यांना मी घेर दिला, खोली दिली, आवाज असा काढला की मिलच्या चिमणीतून येतो आहे असं वाटावं. मग दत्ता उभा राहिला. माइकपाशी येऊन माझ्याकडे बघून हसला आणि अगदी हळू म्हणाला, ‘पालक.’ पुढच्या रांगेतले दोघं-चौघं ओळखीचे हसले.

मी बेस सगळा काढून घेतला. ट्रेबल वर नेला. आवाज खाली केला, इतकाच की त्याला ओढून बोलावं लागावं. एक भोंगा मी आधीच मिलच्या भिंतीकडे तोंड करून बांधला होता. तो आधीच का बांधला होता याचं दुसरं कारण मी त्या वेळी स्वतःला दिलं होतं. आता ते आठवतसुद्धा नाही.

दत्ताचा भरदार आवाज बाहेर पातळ, नाकातला, कापरा होऊन जात होता आणि भिंतीवर आपटून परत येत होता. मागच्या लोकांना शब्द कळत नव्हते. नुसता एक रडवेला सूर ऐकू येत होता. लोक हसायला लागले. मग कुणीतरी ओरडलं. दत्ताला हसणारे चेहरे दिसले, कारण ऐकू आलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. भुवया वर. पोहोचतोय का?

मी उजवा हात वर केला.

त्यानं मान हलवली आणि पुढे बोलायला लागला. अधिक जोरानं, म्हणजे अधिक कापऱ्या आवाजात. मध्ये परत एकदा त्यानं बघितलं, आणि मी परत हात वर केला.

मतदान हात वर करून झालं. प्रस्तावाच्या बाजूनं मोजके हात आले, तेही खांद्याच्या वर गेले नाहीत. दुबेजींनी जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘देखा शामू भाई, झूठे की आवाज़ कैसे काँपती है.’ त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मी हसलो. पैसे घेऊन हे केलं असतं तर मला झोप आली नसती. तत्त्वासाठी केलं होतं, म्हणून झोप उत्तम लागली.

पण त्याआधीचं एक राहिलं. सभा पांगल्यावर दत्ता नेहमीसारखा वायर गुंडाळायला आला. कोपर आणि अंगठा यांच्यात वायरचे वेढे घेत होता. त्यानं विचारलं, ‘पोहोचला ना रे आवाज?’

मी तोंड वर करून म्हणालो, ‘पोहोचला. लोकांना पटलं नाही, बस.’

‘मग ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘ऐकून नाही म्हणाले ना? मग त्यांचा हक्क आहे.’

मालकांनी प्रस्ताव मागे घेतला. पुढे काही महिन्यांनी मिलला टाळं लागलं, ते उघडलंच नाही. दत्ताचा प्रस्ताव मान्य झाला असता तर निम्मी मिल खरंच वाचली असती का, हे मला माहीत नाही. कदाचित नवे माग आलेच नसते. दुबेजीही खोटे नव्हते. पुढे ते कामगारांसाठी कोर्टाच्या खेपा घालत गेले आणि त्यांच्या चपला झिजताना मी पाहिल्या आहेत. कोण बरोबर होतं हा हिशेब मी सोडून दिला आहे. माझं ओझं ते नाहीच.

‘दत्ता की आवाज़ काँप रही थी’ ही गोष्ट मात्र गावात राहिली. मिल बंद झाल्याचा राग लोकांना कुठेतरी काढायचा होता. त्याला दलाल म्हणायला लागले. सुलभावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, नळावर टोमणे बसायचे. दत्ता देवासला एका कारखान्यात चौकीदार म्हणून लागला, रोज बसनं जाऊन-येऊन. दुकानात येणं कमी झालं, मग थांबलं. खरं तर मीच असं वागत होतो की कुणी येऊ नये. त्याला वाटायचं, मी मतभेदामुळे दूर झालो. लोकांना तो सांगायचा, शामूचं मत वेगळं आहे, पण माणूस सरळ आहे. हे मला तिसऱ्याच माणसानं सांगितलं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

पुढे एकदा फ्रीगंजच्या भाजीबाजारात सुलभावहिनी भेटल्या. गिलकी निवडत होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. दत्ताचे कान आता अगदीच गेले, म्हणाल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, की त्या वेळी प्रस्ताव लागू झाला असता तर त्याला मिलमध्येच जॉबरची जागा...

वहिनींनी गिलकी टोपलीत परत ठेवली.

‘भावजी, कान गेलेल्या माणसाला नव्या मागावर कोण ठेवणार होतं? घरी जाणाऱ्यांत यांचं नाव पहिलं होतं. मॅनेजरनं तोंडावर सांगितलं होतं. भाषणात बोलले ना ते, की मी स्वतः जाणाऱ्यांतला आहे, तरीपण म्हणतो घ्या. तुम्ही तर तिथेच होतात.’

मी तिथेच होतो. भोंग्यांच्या आधी, माइकच्याही आधी, त्याचा खरा आवाज जिथे ऐकू येतो तितक्या अंतरावर होतो. सगळ्या मैदानात ते वाक्य स्पष्ट ऐकू शकेल असा मी एकटाच होतो, आणि मीही ऐकलं नव्हतं. मला बटणांचं काम होतं.

त्यानंतरही वर्षं गेली. आपण चांगले आहोत अशी समजूत गेल्यावर माणूस लगेच सुधारतो असं नाही. काही वर्षं तो नुसता रस्ता बदलून जातो. दुकान विकलं, बायको गेली, गुडघे गेले. मग एका दुपारी ऑटो करून मी नानाखेड्याला गेलो. बसस्टँडच्या मागे वसाहतीत दत्ताच्या मुलाचं घर आहे. दत्ता ओट्यावर पेपर वाचत बसला होता. मला बघून त्यानं पेपर खाली ठेवला आणि चष्मा वर केला.

‘पालक,’ तो म्हणाला.

आवाज तोच होता. घेर असलेला, जमिनीतून येणारा. इतक्या वर्षांत मी तो आठवायचा प्रयत्न केला की मला नेहमी त्या दिवसाचा पातळ आवाज आठवायचा, मी बनवलेला. खरा विसरूनच गेलो होतो. मी ओट्यावर बसलो.

तो एकटाच बोलत राहिला, बहिरी माणसं बोलतात तसा. मुलाचं, नातीचं, देवासच्या बसचं. म्हणाला, पोरानं कानाचं मशीन आणलंय, पण लावलं की सगळं एकदम ओरडायला लागतं. ‘तुझ्यासारखा बटण फिरवणारा कोणी पाहिजे बसायला शेजारी.’

तेव्हा मी बोललो. सगळं बोललो. बेस, ट्रेबल, भिंतीकडचा भोंगा, हात. फक्त माझी मान खाली होती. फरशीकडे बघत बोललो मी.

‘तोंड वर करून बोल ना यार,’ दत्ता म्हणाला.

मी तोंड वर केलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता, शेडमध्ये बघायचा तसा, सगळं लक्ष लावून.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘चहा छान झालाय म्हटलं.’

तो हसला. ‘अजून सुनेनं ठेवलासुद्धा नाही.’

त्यानंतर दर महिन्याला मी जातो. आम्ही चहा पितो. तो बोलतो, मी मान हलवतो. तो भेटतो आहे आणि तरी मला त्याची आठवण येत राहते, हे कुणाला समजावून सांगता येईल असं वाटत नाही. ज्याला मी ओळखतो तो माझ्यासमोर बसलेला असतो. तो ज्याला ओळखतो तो मात्र तिथे नसतो.

त्याचे डोळे चांगले आहेत. मंडळाच्या वाचनालयातून सून दिवाळी अंक आणून देते, तो पहिल्या पानापासून जाहिरातींसकट वाचतो. हाही वाचेल. त्याच्या आधी गावातले इतरही वाचतील, ज्यांनी ती कापऱ्या आवाजाची गोष्ट आपल्या मुलांना सांगितली त्यांनीही. त्यांना सांगायचं ते एवढंच, की त्याचा आवाज कापत नव्हता. मी जवळ होतो.

आणि दत्ता, तुला वाटतं लोकांनी ऐकून नाही म्हटलं. इतकी वर्षं तू त्याच आधारावर त्यांच्यात राहिलास, त्यांना माफ केलंस. त्यांनी ऐकलंच नव्हतं. तू माझ्याकडे दोनदा बघितलंस आणि दोन्ही वेळा मी हात वर केला. तो हात मी आज खाली घेतो आहे. तळवा जमिनीकडे.